पोरीची दुसरी सुई

त्या दुपारी मी आणि माझी बायको अंगणात दोर वळत होतो. अंबाडीचा दोर एकट्याने होत नाही. एकाने टोक धरून ताण द्यायचा, दुसऱ्याने पीळ भरत मागे सरकायचं. ती कडुनिंबाखाली टोक धरून बसली होती आणि मी सरकत सरकत गोठ्यापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात तिने हात ढिला सोडला. सगळा पीळ उलगडला.

"अवं, धर ना नीट! झोपली का काय?"

"झोपून नाई राह्यली. पोरगी कुठी गेली ते पाहून राह्यली."

"गेली असन मागं वाडग्यात, ढोराईपाशी. पळून नाई गेली. तू दोर धर."

"तुमाले दोराचीच पडली हाय, बाप्पा."

पुन्हा धरलं, पुन्हा वळलं, शेवटी गाठ मारली. दोघांनी मिळून केलेलं आमचं शेवटचं साधं काम ते. आता लोक म्हणतात, माहीत असतं तर तू ओरडला नसता. मी ओरडलोच असतो. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी गोड बोललो असू ते फक्त पाहुण्यांसमोर.

तिचं लक्ष पोरीकडे का होतं ते सांगतो. आमची एकुलती एक पोरगी तिसऱ्यांदा दिवस राहून माहेरी आली होती. आधीची दोन्ही लेकरं आमच्याच घरी झाली आणि आमच्याच घरी गेली. दोन्ही वेळा अगदी तसंच. जन्मली तेव्हा धडधाकट, रडणं असं की रस्त्यावरचा माणूस थांबावा. मग आठवडा व्हायच्या आत दूध सोडलं, जबडा बसला, अंग धनुष्यासारखं ताणलं. हात लावला की आणखी ताणायचं. बायका म्हणत बाहेरचं आहे. दवाखान्यातले म्हणत धनुर्वात. नाव काहीही ठेवा, खड्डा मलाच खणावा लागला. दुसऱ्या वेळी जावयाची आई बसायला आली आणि जाता जाता दारातच म्हणाली, "तिसऱ्याचं बी असंच झालं तं आमाले दुसरी पाहा लागन." दुसरी म्हणजे दुसरी सून. पोरगी आतून ऐकत होती.

तेव्हा पोटातलं लेकरू जगलं तर पोरीचा संसार राहणार, नाही तर पोरगी आमच्या ओसरीत परत येऊन बसणार. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

माझी बायको गावात बाळंतपणं करायची. शाळेत शिकून नाही, सासूच्या मागे उभं राहून शिकली. आमचा तालुका जिल्ह्याच्या उत्तरेला. कारंज्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. पावसाळ्यात बैलबंडी चिखलात फसली की दवाखाना म्हणजे काशी. पण आमच्या घरच्या बायका लेकरू झेलायच्या, नाळ कापत नसत. नाळ कापायला गावाच्या खालच्या टोकाची म्हातारी यायची. तिच्या लेखी तो तिचा मान आणि आमच्या लेखी तो विटाळ. ती येईपर्यंत लेकरू वारेसकट तसंच पडून राहायचं. ती यायची, कमरेचा विळा काढायची, लुगड्याला पुसायची, कापायची. वरून चुलीतली राख लावायची. त्याबद्दल तिला सुपात ज्वारी आणि जुनं लुगडं. पिढ्या गेल्या अशाच. कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

मग सरकारने दायांना शिकवायचं काढलं. नर्सबाई घरी आली. पुण्याकडची होती, बोलणं अगदी पुस्तकातलं. म्हणाली, फुकट शिकवू, वर पेटी देऊ, जायचं-यायचं भाडंही देऊ. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. सरकार फुकट काय देतं ते आम्ही आणीबाणीत पाहिलं होतं. नसबंदीची जीप यायची तेव्हा आम्ही गडीमाणसं तुरीच्या वावरात लपायचो. सडकेवर धुरळा दिसला की पळा. शेजारगावच्या एकाला म्हणे तापाची सुई द्यायला नेलं आणि कापून पाठवलं. खरं-खोटं देव जाणे, पण त्याची बायको शपथ घेऊन सांगायची. तेच दवाखानेवाले आता आमच्या बायकांना काय शिकवणार?

"नाई जायचं," मी म्हणालो.

"मी जाऊन राह्यली."

"कोनाले इचारून?"

"त्या दोन लेकराईले इचारून."

मी सोबत गेलो. ट्रेनिंग चाललं तितके दिवस दवाखान्यासमोरच्या बाभळीखाली फडक्यात भाकर बांधून बसलो. नजर दारावर. आत बायका हसल्या की माझा जीव खालीवर व्हायचा. एवढं हसण्यासारखं सरकारी दवाखान्यात असतं तरी काय? एके दिवशी मोठे डॉक्टर बाहेर आले.

"काका, रोज बसलेले दिसता. पोटात दुखतंय का?"

"दुखत काई नाई. बायको आत हाय."

"मग आत या ना. पाहा."

आत चिंध्यांची बाहुली होती. तिच्या बेंबीला सुतळीची नाळ. बायका पाळीपाळीने ती नाळ बांधत होत्या, कापत होत्या. मला पाहून माझी बायको तोंडात पदर कोंबून हसली. मी बाहुली हातात घेतली, उलटीपालटी केली, शिवण दाबून पाहिली. आत कापूसच होता, दुसरं काही नव्हतं. तरी बाभळीखालची जागा मी सोडली नाही.

शेवटी तिला शिक्क्याचा कागद मिळाला, की ही बाई दाई म्हणून शिकलेली आहे. आणि ॲल्युमिनियमची एक पेटी. तीत साबण, नखं घासायचा ब्रश, दोरा आणि पातं. कागद तिने देवाच्या फोटोमागे खोचला. पेटी मात्र उचलली आणि थेट गावाच्या खालच्या टोकाला निघाली. मी मागोमाग. म्हटलं, देऊनच टाकते का काय. पाहतो तर ही म्हातारीच्या चुलीवर गंजात पाणी ठेवून पातं उकळून दाखवत होती, आणि म्हातारी कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"माह्या विळ्याले काय झालं?" म्हातारी म्हणाली.

"विळा गवताले ठेव, माय."

"म्हंजे माह्यं काम गेलं."

"कुठी गेलं? तूच कापजो. फक्त हात धुवून, अन् ह्या पात्यानं. राख लावजो नोको."

तेव्हापासून तसंच ठरलं. माझी बायको पातं उकळायची, दोरा बांधायची, कापायची म्हातारीच. तिचा मान राहिला, आमचा विटाळही राहिला. नर्सबाईला हे कळलं तेव्हा ती चिडली.

"अहो, सर्टिफिकेट तुमच्या नावाचं आहे. त्यांनी कसं कापायचं? नियमात बसत नाही."

"बाई, पातं तुमचं, पानी माह्यं, हात तिचा. लेकरू जगलं का नाई ते पाहा ना."

लेकरं जगत होती, हे मीही पाहत होतो. तरी मी म्हणायचो, योगायोग असन. यंदा पाऊसपाणी बरं आहे, बायांच्या अंगावर दूध आहे, म्हणून.

मग पोरगी आली आणि नर्सबाईने नवीनच काढलं. म्हणाली, पातं-पाणी ठीक आहे, पण पोटुशी बाईला दोन सुया द्यायच्या. एक आता, दुसरी महिन्याने. त्याने लेकराला धनुर्वात होत नाही.

सुई आईच्या दंडात आणि रोग टळणार लेकराचा? मला हे पटेना. गावात कोणालाच पटत नव्हतं. बायका म्हणायच्या, ही सुई घेतली की पुढे कूसच बंद. आमच्या पोरीचं आधीच असं. त्यात कूस बंद झाली म्हणजे सासरच्यांना आयतंच निमित्त.

नर्सबाई बाजाराच्या दिवशी सडकेवरच्या बाजारगावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत बसायची. आम्ही तिघं बंडीने गेलो. तिने सुई भरली. मी मध्ये उभा राहिलो.

"आधी मले टोच."

"काका, ही गरोदर बायांसाठी असते."

"गड्याले मारते का?"

"मारत नाही, पण..."

"मंग टोच. माह्यं तं झालं गेलं सारं. काई बंद व्हायचं असन तं माह्यं होऊ दे."

ओळीत बसलेल्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. नर्सबाईने कपाळाला हात लावला, पण टोचलं. दंड सुजला, अंगात कणकण आली, गेली. मी रोज स्वतःला तपासत होतो. भूक लागते का, नांगर धरल्यावर हातात जोर आहे का, चालताना पाय जड होतात का. शेवटी बायको वैतागली.

"काय पाहून राह्यले आरशात?"

"काई फरक पडला का ते."

"अवो, लेकरू होनं बंद झालं का नाई ते तुमाले कसं समजन? म्हातारपनी करून पाह्यता का?"

पोरगी चुलीपाशी होती. आई-बापाचं हे बोलणं ऐकून तिची भाकर तव्यावर करपली. पण कित्येक दिवसांनी ती हसली.

मला काही झालं नाही तेव्हा पुढच्या बाजाराला पोरीला पहिली सुई दिली. माझ्यामुळे उशीर झाला म्हणून नर्सबाई कुरकुरली. झाला तर झाला. तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा आडवा येईन. "आता दुसरी मात्र चुकवू नका," ती म्हणाली. "बाळंतपणाच्या आधी अंगात मुरायला वेळ लागतो. महिन्याने याच बाजाराला या." तो दिवस बायकोने डोक्यात पक्का ठेवला. आम्ही दोर वळला तो त्या बाजाराचा आदला दिवस.

बाजारगावातच आणखी एक डॉक्टर होता. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा फटफटीवर गावोगाव फिरायचा. पाटीवर नावापुढे इतकी अक्षरं की नाव शोधावं लागे. कुठं शिकला, कोणी विचारलं नाही. बोलावलं की येतो आणि नुसतं अंग दुखलं तरी सुई देतो, म्हणून साऱ्यांचा लाडका. एकदा जिल्ह्याहून साहेब आले, बिनकागदाचे डॉक्टर शोधायला. तो त्या दिवशी आमच्या गावात होता. तर गावाने काय करावं? त्याची बॅग कडब्याच्या गंजीत खुपसली आणि साहेबाला सांगितलं, हे तर आमचे पाहुणे, पोरगी पाहायला आले. साहेबाने त्याच्याच शेजारी बसून चहा घेतला आणि गेला. जीप वळली की पाहुण्याने बॅग बाहेर काढली, भुसा झटकला आणि एकाला टोचलंसुद्धा.

माझी बायको तेव्हा म्हणाली होती, "माह्यापाशी कागद हाय तं नर्सबाई दर महिन्याले माही नखं पाह्यते. याच्यापाशी पाटी हाय तं याले कोनी पुसत नाई."

तर त्या दुपारी मी वळलेला दोर गुंडाळून आत नेत होतो तेवढ्यात बायको खाली बसली. "छातीवर कोनी बसल्यावानी वाटते," म्हणाली. पाहता पाहता लुगडं घामाने भिजलं. मी बैल सोडायला धावलो, सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हणून. माझा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. तो म्हणाला, "दादा, एवढ्या दूर बंडीत हादरे देत नेतं का? डॉक्टर आनतो मी." सायकलवर गेला आणि फटफटीवाल्याला घेऊन आला.

त्याने बॅग उघडली, सुई भरली. ती खाटेवरून त्याच्या हाताकडे पाहत होती.

"उकळली का?" तिने विचारलं.

"गरम करूनच आणली आहे, आई. काळजी करू नका."

टोचलं. चहा गाळून होईल एवढाच वेळ गेला असेल. ती गेली.

सुईने गेली की सुई असूनही गेली, मला आजही माहीत नाही. छातीचं दुखणं होतं, जाणारच होती, असं पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. असेल. पण त्या माणसाने बॅग बंद केली ती लय घाईने. बाहेर फटफटी लवकर सुरू होईना. तो लाथा मारत राहिला आणि मी दारात उभा राहून त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो.

दिवस बुडायच्या आत तिला नेली. परत आलो तर भावाच्या बायकोने, माझ्या बायकोचा जीव गेला त्या जागी पीठ पसरलं होतं, दिवा ठेवला होता आणि वर टोपली घातली होती. सकाळी टोपली उचलून पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते पाहतात. त्यावरून गेलेल्या माणसाचा पुढचा जन्म कळतो म्हणे. ओसरीत माणसं बसली होती. तेवढ्यात खालच्या टोकाची म्हातारी आली आणि अंगणातच उभी राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "उद्या बाजार हाय."

मला राग आला. आज हिला बाजार सुचतो? मग पाहिलं तर तिची नजर पोरीच्या पोटावर होती.

"तिनं मले सांगून ठेवलतं," म्हातारी म्हणाली. "घरच्या गड्याच्या ध्यानात नाई राहत, म्हने."

भाऊ ऐकत होता. तो उसळला. "कायचा बाजार? घरात सुतक हाय. दिवस भरत आलेली पोरगी शिवेबाहेर नेतं का कोनी? अन् दादा, आताच डोळ्यानं पाह्यलं ना? सुई टोचली अन् वयनी गेली. आता पोरीले बी टोचतं का?"

ओसरीतले सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. खरं सांगतो, भाऊ बोलला तेच माझ्या मनात चालू होतं. आत टोपलीखाली दिवा होता, त्याचा उजेड वेतांच्या फटींतून भिंतीवर पडला होता. मी पोरीला विचारलं, "तू काय म्हनते?"

"माय असती तं आपून गेलो असतो," ती म्हणाली.

सकाळी मी बैल जुंपले. बंडीत कुटार टाकलं, वर गोधडी अंथरली. भावाने येऊन बैलाची वेसण धरली.

"लोक काय म्हनतीन, दादा? तिसरा दिवस तरी होऊ दे."

"तिसऱ्या दिवशी नर्सबाई दुसऱ्या गावाले राहीन. तुही लेकरं जिती हायेत. सोड."

त्याने वेसण सोडली. त्याची बायको माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. ती आतून पोरीला म्हणाली, "पाऊल तं पाहून जा म्हना." टोपली अजून तशीच होती. मी आत गेलो नाही. गेलो असतो तर तिथंच बसलो असतो, उठलो नसतो.

म्हातारी वेशीपाशी उभी होती. न विचारता बंडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसली. आमच्या बंडीत ती आधी कधी बसली नव्हती. मी बस म्हणालो नाही आणि उतरही म्हणालो नाही.

बाजारात लोकांनी आम्हाला वाट करून दिली. बातमी पोचली होती. फटफटीवाल्याच्या दाराला कुलूप होतं. नर्सबाईला मात्र काही माहीत नव्हतं.

"आज आई नाही आल्या?"

"काल गेली."

तिच्या हातातला कापूस तसाच राहिला. "अरे देवा. काका, मग आज कशाला आलात? पुढच्या बाजाराला आला असता तरी चाललं असतं."

"चाललं असतं का?"

तिने पोरीच्या पोटाला हात लावून पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. मी तिच्या तोंडावरची नजर काढली नाही. आधी एक म्हणाली होती, आता काय म्हणते ते पाहायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "चाललं नसतं. आजच द्यायला हवं."

तिने डब्यातली सुई चिमट्याने उचलली.

"थांबा. उकळली का?"

"सकाळीच उकळली, काका."

"मी नाई पाह्यलं."

दाराबाहेर बायांची ओळ लागली होती. कोणाचं तरी लेकरू किरकिरत होतं. नर्सबाई माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता हाकलते. तिने सुई परत ठेवली, डब्यातलं पाणी खिडकीबाहेर फेकलं, नवं भरलं आणि स्टोला पंप मारला.

"तुमी शिकल्या त्याचा कागद हाय का?" मी विचारलं.

"आहे. खोलीवर आहे."

"पुढल्या खेपेले आनजा."

"आणते," ती म्हणाली. रागावली नाही.

पाणी तापायला वेळ लागला. मी स्टोपाशी उकिडवा बसलो. आधी तळाशी बारीक बुडबुडे आले, मग वाफ, मग काचेची पिचकारी डब्यात खडखडायला लागली. नर्सबाई चिमटा घेऊन वाकली.

"राहू द्या अजून," मी म्हणालो.

तिने राहू दिलं. दारातून म्हातारी मान लांब करून पाहत होती. पोरीने डोळे मिटून घेतले होते, ओठ हलत होते, कोणाचं नाव घेत होती कोण जाणे. डब्यातलं पाणी चांगलं अर्ध्यावर आलं तेव्हा मी उठलो. "आता घ्या," म्हणालो, आणि पोरीची बाही वर सारून तिचा दंड दोन्ही हातांनी धरला.